गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवारचा धागा

दसरा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा आईचा फोन आला. "कळ्या धरल्या व," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. बरी आहेस का, जेवलीस का, हे आमच्याकडे फोनवर नसतं. कळ्या धरल्या म्हणजे सगळं बरं आहे, असं मी समजून घ्यायचं. त्याच आठवड्यात पुण्याच्या ऑफिसात माझ्या टेबलावर जुनं काम नव्यानं आलं: फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेचे पात्रता सामने, शेवटचा टप्पा, वेगवेगळ्या खंडांतले संघ. या दोन गोष्टी एका आठवड्यात आल्या की माझं मन काही ऑफिसात थांबत नाही. ते गावाकडे, साखरखेर्ड्याच्या वाटेला लागतं आणि काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात जाऊन बसतं.

मी वेळापत्रकं करते. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो, मी पुढे अजून काही सांगेन म्हणून. पुढे काही नसतं. परीक्षांची वेळापत्रकं, बसगाड्यांची, स्पर्धांची. फुटबॉलमधलं मला म्हणाल तर फारसं कळत नाही. ऑफसाइड तीन जणांनी तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. पण कोणता संघ कुठून निघून कधी पोचेल, किती झोपेल, कधी खेळेल, हे मला कळतं. प्रत्येक खंडातले देश आधी आपापसात खेळतात. शेवटी थोड्या जागा उरतात आणि थोडे संघ उरतात, तेही एकमेकांपासून समुद्रापलीकडचे. मग त्यांचे दोन सामने ठेवायचे, एक याच्या घरी, एक त्याच्या घरी. जिंकला तो जगाच्या स्पर्धेला जातो. हरला तो चार वर्षं घरी बसतो. अशा दोघांसाठी दोघांनाही पटेल असा दिवस शोधणं, हे माझं काम.

आईचं कामही तेच आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

आमच्या शेडनेटमध्ये, म्हणजे शेतातल्या हिरव्या जाळीच्या मांडवात, मिरचीचं बी तयार होतं. खायची मिरची नव्हे, बियाण्याची. एका जातीची झाडं नर म्हणून लावायची, दुसरीची मादी म्हणून, आणि हातानं त्यांचा संकर करायचा. त्याला आमच्याकडे सरळ क्रॉसिंग म्हणतात. नराला फूल उशिरा येतं, म्हणून तो आधी लावायचा, म्हणजे दोघं एका वेळेला फुलावर येतात. संध्याकाळी मादीच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या चिमट्यानं उघडायच्या आणि आतले परागाचे तंतू अलगद काढून टाकायचे. एकही राहता कामा नये. सकाळी नराची फुलं आणून, बल्बखाली वाळवून त्यांची पिवळी पूड करायची, ती बोटातल्या अंगठीच्या वाटीत भरायची आणि एकेका फुलाला लावत जायचं. लावून झालं की देठाला लोकरीचा धागा. दसऱ्यापासून जवळजवळ दोन महिने हे रोज. सणाला सुट्टी नाही, तापाला सुट्टी नाही, कारण फूल कुणासाठी थांबत नाही.

बाकीच्या शेडनेटमध्ये एकाच रंगाचा धागा चालतो. आमच्या आईचे सात वारांचे सात रंग. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, असं करत शुक्रवार निळा. कोणत्या दिवशीचं काम कसं झालं ते फळावरून कळलं पाहिजे, हा तिचा हट्ट. आणि तिच्या हिशेबात दिवस संध्याकाळी सुरू होतो. गुरुवारी संध्याकाळी उघडलेली कळी ही शुक्रवारची. तिला शुक्रवार सकाळी पराग लागणार आणि निळा धागा पडणार. म्हणून चहा पिऊन झाला, सूर्य कलला आणि बाया चिमटे घेऊन उठल्या की आमच्याकडे वार बदलायचा. मी लहानपणी शाळेत गुरुवारचा गृहपाठ बुधवारच्या संध्याकाळी "आजचा" म्हणायची आणि बाईंना ते कधीच कळलं नाही.

त्या हंगामात मी दिवाळीला चार दिवस म्हणून गेले होते. पाडव्याच्या संध्याकाळी आईच्या ओळीशेजारी उभी राहून बोलत होते आणि बोलता बोलता तिच्या हातांकडे लक्ष गेलं. आई कळीकडे बघत नव्हती. अंगठ्याच्या पोटानं कळी चाचपत होती, फुगीर लागली की चिमटा लावत होती. नजर समोर कुठेतरी, जाळीच्या हिरव्या उजेडात. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आई, तुला दिसत नाही?"

"तिखटाचा हात लागला," ती म्हणाली.

मिरचीत काम करणारी बाई डोळ्याला हात लावत नाही. चाळीस वर्षांत तिनं कधी लावलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भांडून तिला चिखलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मवाळ होते, पण बोलले ते स्पष्ट बोलले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा इतका वाढलेला, की अजून लांबवलं तर ऑपरेशन अवघड होईल आणि डोळा वाचेल याची खात्री नाही. ऑपरेशननंतर दीड महिना धूळ नको, वाकणं नको, आणि मिरचीच्या जवळही जायचं नाही.

"दीड महिना!" परत येताना एसटीत आई हसली. "क्रॉसिंग सरू दे. मंग पाहू."

"मग म्हणजे कधी?"

"मंग म्हंजे मंग."

मागच्या वर्षीही ती हेच म्हणाली होती, हे मला नंतर कळलं. त्याच्या मागच्या वर्षीही. मी तिची एकुलती एक मुलगी, जगभरच्या परक्या पोरांच्या झोपेचे तास मोजणारी, आणि माझ्या आईला दिसत नाही हे मला तीन वर्षं कळलं नव्हतं. त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

ऑफिसला कळवून मी तिथेच राहिले. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती; घरात आई एकटीच. घरात मोबाइलला रेंज नव्हती, शेडनेटच्या दाराशी होती. तिथे मी खाटेवर लॅपटॉप मांडला. आतून मिरचीच्या पाल्याचा उग्र वास, बायांचं बोलणं, ठिबकच्या नळ्यांतून पाणी सुटलं की होणारी बारीक चुरचुर. माझ्या पडद्यावर त्या वर्षीची अवघड जोडी होती: प्रशांत महासागरातला एक छोटा बेटांचा देश आणि दक्षिण अमेरिकेतला एक मोठा देश. पहिला सामना बेटावर शनिवारी, दुसरा पलीकडे पुढच्या आठवड्यात.

चारच्या चहाला बाया दाराशी येऊन बसायच्या. कमलकाकू त्यांच्यात मोठी, आईच्या लग्नापासूनची मैत्रीण, आणि जिभेला हाड नसलेली. तिला माझ्या कामाचं फार कौतुक.

"आज कोन कुठं चाल्लं व, ज्योती?"

मी सांगितलं, बेटावरचा संघ रविवारी संध्याकाळी विमानात बसेल आणि समुद्रातली तारखेची रेषा ओलांडून पलीकडे उतरेल तेव्हा तिथे रविवार दुपारच असेल.

"म्हंजे निघाच्या आधीच पोचले?"

"हाव."

"बाप्पा! मंग त्याईचा रविवार दोनदा झाला. दोनदा आंघोळ कराची का?"

बाया हसल्या. आई हसली नाही. ती म्हणाली, "एवढ्या लांबून येतीन, तं त्याईले झोपू देजो." मी म्हणाले, नियमच आहे, उतरल्यावर पूर्ण चार दिवस विश्रांती. "चांगला नियम हाये," आई म्हणाली आणि कप विसळायला उठली. कप ठेवायला तिनं हातानं कट्टा शोधला. सगळ्या बायांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात बियाणे कंपनीचे फिल्डवाले साहेब तपासणीला आले. तपासणी कडक असते. उघडलेल्या कळीत एखादा तंतू राहिला तर ते फूल आपसूक फळतं आणि बी अशुद्ध होतं. अशी फुलं जास्त निघाली तर पुढल्या वर्षी प्लॉट दुसऱ्याला. आईचा जीव इथे अडकला होता, ऑपरेशनच्या भीतीत नव्हे. साखरखेर्ड्यात तिचा हात सगळ्यात स्वच्छ म्हणून नाव होतं. दीड महिना घरी बसली आणि लोकांना कळलं की हिला दिसत नाही, तर ते नाव संपलं, असं तिला वाटायचं. मी दाराशी बसून साहेबांची पावलं मोजत होते.

साहेब भिंग घेऊन आईच्या ओळीतून अर्धा तास फिरले. मग म्हणाले, "मावशी, एक कळी खराब सापडेल तर शपथ. तुमच्या हाताला या भागात तोड नाही."

बाया खुश झाल्या. साहेब गेल्यावर आई मात्र कमलकाकूच्या समोर जाऊन उभी राहिली.

"कमल, माह्या ओळी कोन पाहून राह्यलं?"

काकू म्हणाली, "कोन पाह्यते व? तूच तं करते."

"मले अर्ध्या कळ्या दिसत नाहीत. मी दहात तीन तरी सोडत असन. अन् साहेबाले एक सापडली नाही? खरं सांग."

कमलकाकूचा चेहरा पडला. तिनं हातातला चिमटा पदराला पुसला. मग ती म्हणाली, "मागच्या सालापासून. तू सांजच्याले घरी गेली, का आमी चौघी तुह्या ओळीतून एक चक्कर मारतो. बॅटरी घेऊन. पाळी लावली हाये."

पाळी. वेळापत्रक करणारी मी, आणि वर्षभर माझ्या नाकाखाली, म्हणजे आईच्या नाकाखाली, चार बायांनी एक वेळापत्रक चालवलं होतं. कागद नाही, रकाने नाहीत, आणि एकही चूक नाही. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, कुणाच्या घरी पाहुणे आले तर बदली कोण. स्वतःचं काम उरकून, अंग मोडून आलेलं असताना पुन्हा वाकायचं, आणि जिच्यासाठी वाकायचं तिला कळू द्यायचं नाही. मला तिथे रडू आलं. मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं, पण कामात होते असं कुणाला वाटलं नसणार.

आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. काम केलं, चहा केला, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाली, "काढ तारीख."

"कशाची?"

"डोळ्याची, मंग कायची? मले वाटे मी सगळ्याईले पोसून राह्यली. त्याच मले झाकून राह्यल्या होत्या." तिचा हात परातीत थांबला. "आता बस झालं. बायाईच्या कमरा मोडतीन."

चिखलीहून तारीख मिळाली. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन, गुरुवारी संध्याकाळी दाखल. मी वहीत लिहायला बसले, घरातल्या आणि शेडनेटमधल्या कामांची वाटणी करायला. आई शेजारी बसून बोटं मोजत होती.

"गुरुवार आपल्याले पुरा भेटते," ती म्हणाली. "सकाळची फुलं करू, दुपारी भाजी खुडू, मंग..."

"आई, गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यात हजर व्हायचंय. तीनला निघावं लागेल."

"हाव. पन ते शुक्रवारातच आलं ना. गुरुवार तं मोकळा हाये."

"कसा मोकळा?" मी वैतागून म्हणाले. "संध्याकाळी जायचं म्हणजे गुरुवार गेला! संध्याकाळ गुरुवारचीच असते सगळ्या जगात!"

आणि लगेच मला माझा रकाना आठवला.

मी उठून शेडनेटच्या दाराशी गेले आणि ती जोडी उघडली. दुसरा सामना, पलीकडच्या देशात, गुरुवारी संध्याकाळी. यजमानांना तोच वार हवा होता आणि मी त्यावर चार दिवस विश्रांतीची खूण केली होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. महिनाभर मिरचीत बसून मी संध्याकाळचा सामना शुक्रवारच्या रकान्यात टाकला होता, निळ्या धाग्याखाली, आणि ज्या दिवशी त्या पोरांना मैदानात उतरायचं तो दिवस त्यांच्या झोपेत मोजला होता. प्रत्यक्षात त्यांना तीनच दिवस मिळत होते. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. जगात ही चूक करणारं दुसरं माणूस असेल असं मला वाटत नाही. करायला आमच्या आईच्याच हाताखाली वाढावं लागतं.

ज्यांच्यासाठी आम्ही काम करत होतो त्या परदेशातल्या कंपनीतल्या मार्टिनला मी तेव्हाच फोन लावला. माझी चूक आहे, सामना शुक्रवारी न्यावा लागेल, म्हणाले. तो अडचणी मोजायला लागला. यजमान चिडणार, तिकिटं, प्रक्षेपण, सगळं हलणार. मग त्यानं विचारलं, अशी चूक होतेच कशी? मला खोटं सुचलं नाही. मी त्याला कळ्या सांगितल्या, चिमटे सांगितले, वारांचे धागे सांगितले, आईचा डोळा सांगितला. माझ्या इंग्रजीत ते कसं पोचलं कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, त्या फुलाचा एक फोटो पाठव, यजमानांशी मी बोलतो. चार दिवसांनी तारीख सरकली. माझी नोकरी टिकली. आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "पोराईले दिवस भेटला ना?" आणि मान हलवून विषय संपवला.

पलीकडचा तो शुक्रवार संध्याकाळचा सामना आमच्याकडे शनिवारी सकाळी पडला. ऑपरेशनला आठवडा होऊन गेला होता; आईला काळा चष्मा होता, घरात टीव्हीसमोर खाटेवर उशीला टेकून बसलेली. शेडनेटमध्ये कमलकाकू आणि बाकीच्या तिच्या ओळी करत होत्या, आता उघडपणे, आणि मधूनच कुणीतरी आरोळी ठोकून विचारायचं, "कोन जिकून राह्यलं?" बेटावरची पोरं धिप्पाड, दमदार, शेवटपर्यंत पळाली. एका गोलनं हरली. शिट्टी झाल्यावर त्यातला एक जण गवतावर आडवा झाला आणि तोंडावर शर्ट ओढून घेतला. चार वर्षं गेली त्याची. मला फार वाईट वाटलं. वाटलं, इतकी धावाधाव करून दिलेल्या एका दिवसानं काय झालं?

आई म्हणाली, "हारले तं हारले. पन झोपून आल्ते ना व. थकून हारले असते, तं जन्मभर मनात राह्यलं असतं."

आता पुण्यात कुणी मला म्हणतं, वेळापत्रक म्हणजे काय, नुसते रकाने भरायचे, तेव्हा मी वाद घालत नाही. मला एवढं कळलंय, की प्रत्येक रकान्याच्या आत कुणीतरी थकलेलं असतं. माझ्या सगळ्या कामाचा अर्थ मला त्या एका हंगामात, त्या दाराशी, खाटेवर बसून समजला. त्याआधी मी हुशार होते, इतकंच. यंदा आईच्या डाव्या डोळ्यालाही दोन वर्षं होतील. ती पुन्हा तिच्या ओळीत उभी आहे, आणि बाया सांगतात की आता दुसऱ्यांच्या ओळीतल्या चुका काढून डोकं खाते.

पण या दिवसांत मला सामना आठवत नाही, साहेबांची शाबासकीही नाही. मला आठवतो ऑपरेशनचा दुसरा दिवस. चिखलीचा दवाखाना, सकाळची दहाची वेळ, खिडकीतून येणारं ऊन. डॉक्टरांनी आईच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी हळूच सोडली, कापसानं डोळा पुसला आणि तिच्यासमोर हात धरला.

"मावशी, उघडा. सावकाश. सांगा, किती बोटं?"

आईनं डोळा उघडला. मिटला. परत उघडला. तिनं बोटांकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांच्या हाताशेजारी मी उभी होते, आणि ती माझ्याकडे बघत होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत, पुन्हा वर, केसांपाशी येऊन थांबली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तिला ऐकू गेलं नाही.

"ज्योते," ती म्हणाली, "तुहे केस कवा पांढरे झाले व?"

मी हसायला गेले. "झाली की तीन-चार वर्षं, आई."

"अन् हे डोळ्याखाली?"

तिनं माझा हात धरून मला खाली, तिच्या तोंडाजवळ ओढलं आणि त्या एका नव्या डोळ्यानं कितीतरी वेळ बघत राहिली.

"मले कोनीच नाही सांगतलं," ती म्हणाली. "मी तं समद्याईले सांगत फिरत होती, माही ज्योती अजून हाये तशीच हाये म्हणून."